वजा एकोणतीस

पहिल्याच दिवशी मी एक झरा हरवला.

लेसोथोच्या डोंगरात, मोखोट्लोंगच्या पाणी खात्यात,
जुलैच्या थंडीत, बोटं चहाच्या पेल्याला चिकटवून
मी आकडे भरले: अक्षांश एकोणतीस, रेखांश एकोणतीस,
आणि पडद्यावर ठिपका उमटला
थेट इजिप्तच्या वाळवंटात.

खाउहेलोबाई हसल्या नाहीत.
"वजा चिन्ह कुठंय?
आपण विषुववृत्ताच्या खाली राहतो, पोरी.
एवढ्याशा आडव्या रेघेवर
एका गावाचं पाणी उभं असतं."

मग त्यांनी शिकवायला घेतलं, खांद्यावरचं ब्लँकेट न काढता.
झरा म्हणजे बिंदू. पायवाट म्हणजे रेषा.
मक्याचं शेत, दफनभूमी, शाळेचं आवार हे बंद आकार;
जिथून निघालीस तिथंच परत ये,
नाहीतर शेताला कुंपण राहत नाही.
प्रत्येकाचा थर वेगळा.
कांद्यासारखा नव्हे, कांदा सोलून हाती काय उरतं?
काचेसारखा. एकीवर एक ठेव
आणि वरून बघ.

प्रत्येक ठिपक्यामागे तक्त्यात एक ओळ असते:
नाव, मिनिटाला किती लिटर,
कधी मोजलं, कुणी मोजलं.
"नकाशा हा चेहरा," त्या म्हणाल्या,
"तक्ता ही त्याची जबानी.
चेहऱ्यावर भाळू नकोस."

मी भाळलेच.
झऱ्यांभोवती पाचशे मीटरची वर्तुळं काढली,
त्यांत निळा रंग भरला,
आत किती गावं येतात ते विचारलं. यंत्र म्हणालं, एकवीस.
एकवीस गावांची तहान मी दुपारच्या जेवणाआधी भागवली
आणि प्रिंट भिंतीला टाचली.

तक्रार घेऊन आलेल्या मापुलेंग नावाच्या म्हातारीनं
स्वतःचं गाव दाखवायला सांगितलं.
मी बोट ठेवलं. "हे तुमचं घर, हा झरा.
चारशे मीटर, सरळ रेषेत."
"सरळ कोण जातं?"
"म्हणजे... कावळा."
"मग बादली कावळ्याच्या डोक्यावर द्या."

मधे घळ होती.
उतरायला वीस मिनिटं,
भरल्या बादलीनं चढायला पाऊण तास,
आणि या दिवसांत दगडांवर बर्फ.

खाउहेलोबाईंनी काही न बोलता उंचीच्या रेषांचा थर चालू केला.
घळीपाशी तपकिरी रेषा दाटून आल्या,
हिमवादळात मेंढ्या एकमेकींना बिलगतात तशा.
त्यांच्याखाली माझं वर्तुळ
तसंच गोल, तसंच निळं,
तसंच खोटं.

पुन्हा मोजलं, मीटरनं नाही, चालण्याच्या मिनिटांनी.
एकवीसची नऊ झाली.
प्रिंट मीच उतरवली. टाचण्यांची भोकं राहिली.

संध्याकाळी एका झऱ्यापुढचा रकाना रिकामा दिसला.
मी शून्य लिहू लागले, बाईंनी मनगट धरलं.
"शून्य म्हणजे कुणीतरी तिथं गेलं,
भांडं धरून बसलं, थेंब आला नाही.
रिकामं म्हणजे कुणी गेलंच नाही.
या दोहोंत एका माणसाची पायपीट आहे."

म्हणून सकाळी ब्लँकेटला पिन लावली,
वीस लिटरची बादली घेतली, घड्याळ घेतलं,
जीपीएसच्या जादा बॅटऱ्या अंगाशी ठेवल्या,
त्या थंडीत लवकर मरतात.

झऱ्यापाशी हात वर करून उभी राहिले,
आकाशातले उपग्रह ओळख देईपर्यंत.
आधी वजा उमटलं. मग एकोणतीस.
बादली भरायला तीन मिनिटं दहा सेकंद लागली.

कुणी मोजलं: मोलिएही.
शेरा: पाणी गोड. वाटेत कुत्रा आहे.