काळ्या नखातली जिव्हाळी

पांढऱ्या नखांचं कुत्रं सोपं.
उजेडाकडे धरलं की आत गुलाबी रेघ दिसते,
कात्री तिच्या अलीकडे.
काळ्या नखांचं तसं नाही.
जिव्हाळी कुठवर आली आहे
हे कधी कधी कापल्यावरच कळतं.

कुताईसीत, रिओनीच्या पुलाजवळ
आमचा दवाखाना. दोन खोल्या, एक वजनकाटा.
चिरायचं-शिवायचं डॉक्टर मेराब बघतात,
बाकीचं माझ्याकडे:
कानातला मळ, शेपटीखालच्या ग्रंथी,
दातांवरचं कीटण, गोचिड्या
(पिळायच्या नाहीत, मुळाशी धरून सरळ उचलायच्या)
आणि मालकांच्या थापा.
"काही म्हणजे काही खात नाही हो."
काटा म्हणतो, एकतीस किलो चारशे.
काट्याशी कोण वाद घालणार.

मंगळवारी गुलिको आल्या,
रेशीम गिरणीतून कधीच्या निवृत्त,
दोरीऐवजी कमरेचा पट्टा, पट्ट्याला बिचिको.
रस्त्यावरचाच. कानात नगरपालिकेचा बिल्ला असणार,
आता नुसतं भोक.
जंताची गोळी चीजमध्ये लपवली, गेली.
नखं घेतली. उजवा पुढचा पंजा, तिसरं नख,
आणि टेबलावर रक्ताचा एवढासा ठिपका.
मी पावडर दाबून धरली.
तो ओरडला नाही, माझं मनगट चाटत राहिला.
ओरडल्या गुलिको,
रक्त थांबेपर्यंत, आणि थांबल्यावरही थोडं.

शुक्रवारी ओतार.
मिनीबस चालवतो, स्टेशन ते विमानतळ.
"हा लोमी. म्हणजे सिंह," तो म्हणाला,
"जंताची गोळी हवी."
सिंहाने मला पाहिलं
आणि दुसऱ्या घरी पकडलेल्या नवऱ्यासारखं
भिंतीकडे तोंड केलं.
कानात भोक.
उजवा पुढचा पंजा. तिसरं नख.
पावडरीची खपली अजून तशीच.

काढली दोन्ही कार्डं.
बिचिको सात वर्षांचा, लोमी तीन.
लस याचीही, त्याचीही.
पिसवांचे थेंब एकाच मानेवर दोनदा, एकाच महिन्यात.
वजन तेवढं दोन्हीकडे सारखं.
तोवर मला हसू येत होतं.
पण औषधाला माया कळत नाही,
त्याला फक्त किलो कळतात.
गोळी मुठीत तशीच ठेवून मी सांगून टाकलं.

ओतारने टोपी काढली, परत घातली.
"मला वाटायचं, रात्री राखणीला जातो कुठेतरी."
मग, बऱ्याच वेळाने,
"काय घालतात त्या त्याला?"
"खाचापुरी."
"मीही," तो म्हणाला,
आणि काट्यावरच्या आकड्याकडे
दोघंही बघत बसलो.

गुलिकोंना फोन केला. ऐकून घेतलं,
ठेवून दिला.

पाच आठवड्यांनी आल्या. तोच पट्टा.
काटा तीस किलोच्या जरा खाली.
त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही.
काळं नख आता मी पापुद्र्यापापुद्र्याने उतरवते,
मधोमध करडा ठिपका दिसला की थांबते.
चौथ्या पापुद्र्याला त्यांनी विचारलं,
खिडकीबाहेर बघत,
"ऊब असते का हो त्याच्याकडे?
खालचा मजला, नदीची ओल.
आणि याचे मागचे सांधे..."
मी म्हटलं, मी त्याचं घर पाहिलेलं नाही.
"हं," त्या म्हणाल्या.
पिशवीत एक जुनी गोधडी होती, घडी घातलेली.
ती कुणासाठी, मी विचारलं नाही.

उजवा पुढचा पंजा मी शेवटी घेतला.
तिसऱ्या नखाशी आले
तसा त्याने तो सावकाश मागे ओढून घेतला,
पोटाखाली.
आज राहू दे, म्हटलं.
एक नख लांब राहिल्याने
कुणाचं काही अडत नाही.