निघत नाहीत ते

वडगावात, मागांच्या गल्लीत, माझं पार्लर.
पाटीवर कानडी ठळक, मराठी खाली बारीक,
कोपऱ्यात एक नवरी, जिचं नाक पेंटरनं दोनदा काढलं.
बावीस वर्षं मी नवऱ्या नटवते.
मुंडावळ्या, नथ, हळदीनंतरची पिवळी मान झाकणं,
एवढाच माझा भूगोल.

त्रिशला चौगुले आली ती वही घेऊन.
पुढून बापाच्या साड्यांचा हिशेब,
पाठीमागून तिनं काढलेला स्वतःचा चेहरा
आणि त्यावर पेन्सिलीनं घासघासून आणलेली रात्र.
"कॉलेजात फँटसी मेकअपची स्पर्धा हाय, मावशी.
मला तेजोमेघ व्हायचंय."
मी म्हटलं, म्हणजे ढग?
म्हणाली, ढगच, पण त्यात तारे जन्मतात.
बाळंतिणीची खोली म्हण की मग. बस.

आधी बर्फ फिरवला.
मग कानशिलापाशी काळा, गालाच्या हाडावर निळा,
नाकाकडं येता येता जांभळा.
ओल्या स्पंजानं थापायचं, ओढायचं नाही.
निळा कुठं संपला, जांभळा कुठं लागला,
कळता कामा नये.
आमच्या गंगव्वाला हे पहिल्या झटक्यात जमलं.
"अक्का, इल्ली अजून स्वल्प दाब की,"
एका वाक्यात दोनदा ती इकडची तिकडं होते,
रेघ कुठंय म्हणून तिला कुणी विचारलेलं नाही.

अडलं ते ताऱ्यांवर.
बारीक ब्रश, पांढरा रंग,
आणि हात आपोआप चालायला लागला,
सात ठिपके, सात ओळी.
त्रिशला आरशात बघून हसली,
"ही रांगोळी झाली गे, मावशी."
झाली होती. तिच्या कपाळावर माझा उंबरा आला होता.
पुसलं. पुन्हा निळा. पुन्हा ठिपके,
मुद्दाम विस्कटून ठेवले
तरी दोहोंमध्ये बोटभरच अंतर.

तेवढ्यात लाईट गेली.
गल्लीतले सगळे माग एका दमात थांबले,
गंगव्वाच्या बांगड्या तेवढ्या राहिल्या.
"वर असंच असतंय," त्रिशला म्हणाली, डोळे मिटून,
"आवाज न्यायला वाराच नाही."

गंगव्वानं मोबाईलची बॅटरी धरली.
मी जुना टूथब्रश पांढऱ्यात बुडवला,
मीही डोळे मिटले
आणि अंगठ्यानं केस मागं ओढून सोडले.
चर्रर्र.
एकदा कपाळावर, एकदा गळ्यावर,
एकदा कुठं गेला देव जाणे.

डोळे उघडले तर
कुठं दाट, कुठं एकटाच, एक भुवईत अडकलेला,
ओठाच्या कोपऱ्यात तीन,
कुंदा खाऊन तोंड न पुसल्यासारखे.
शनीचं कडं मात्र मीच ओढलं, गालावरून कानामागं.
चंद्रकोरी काढणारा हात कड्याला काय भिणार.
जरीचा चुरा तिनं घरून आणलेला, कागदाच्या पुडीत,
तो डोळ्यांपासून लांब, मानेवर दाबला.

निघताना लक्षात आलं,
एवढं सगळं हेल्मेटात मावत नाही.
स्कूटी माझ्या दारात ठेवून ती रिक्षानं गेली,
रिक्षावाला रस्ता सोडून आरसाच बघत होता.
नंबर आला नाही. परीक्षकांना कुणाचा तरी मोर आवडला.
दुसऱ्या दिवशी स्कूटी न्यायला आली
तेव्हा कानामागं अजून निळं होतं,
आणि माझ्या अंगठ्याच्या नखात.

परवा उचगावची नवरी बसली खुर्चीत.
हळद, मुंडावळ्या, सगळं नेहमीचं.
म्हणाली, आरशावर डाग हाईत, पुसून घ्या की.
फडकं घेऊन वाकले,
तिच्या खांद्यामागून बघितलं तर
तो हरवलेला फटकारा
तिच्या कपाळाच्या थोडा बाजूला.
"निघत नाहीत ते," म्हटलं,
फडकं खांद्यावर टाकलं
आणि तिची हनुवटी धरून
जरा डावीकडं सरकवली.