सहा सेकंद

माझं काम एवढंच,
समोरच्याला फुंकायला लावायचं.
नाकाला चिमटा, नळीभोवती ओठ घट्ट,
भरून घ्या, भरा, भरा, आणि आता सोडा,
सोडा सोडा सोडा, अजून आहे आत,
थांबू नका,
सहा सेकंद.
दिवसाला बावीस-तेवीस जण.
मुलगा म्हणतो, आई, तू झोपेतही ओरडतेस.

परळच्या या खोलीची खिडकी उघडत नाही.
एसीखाली बादली, दर दोन तासांनी भरते.
पडद्यावर प्रत्येकाचा एक डोंगर उमटतो.
धडधाकट माणसाचा उतार सरळ,
दमेकऱ्याचा आत खचलेला,
ओल्या चादरीने दोरीवर झोळ खावा तसा.

द्वारका वैती, राहणार माहूल, चौतीस टक्के.
"म्हणजे नापास ना गं?"
एका मार्काने, मी म्हटलं.
हसली, आणि हसण्यानेच उबळ आली तिला.
पाठीवर हात ठेवला तर आत
कुणीतरी दाराच्या फटीतून शिट्टी वाजवत होतं.

गोळ्यांनी चेहरा गोल झाला होता.
गल्लीतल्या बाया म्हणायच्या, तब्येत सुधारली हो.
साखर वाढली, मनगट नुसतं टेकलं तर मोडलं,
रात्र बसून काढायची,
पत्र्याच्या पेटीवर उशी, उशीवर गाल.
एकदा दाढ ठणकली, जावेने साधी गोळी दिली,
वाण्याकडे सुट्टी मिळते ती.
अर्ध्या तासात ओठ निळे.

नाकाचे कागद एका इमारतीत,
छातीचे दुसऱ्या,
गोळीची गोष्ट कुठल्याच कागदावर नाही.

मग डॉक्टर तडवी आले, बोलताना खानदेश लपत नाही.
त्यांनी विचारलं, वास येतो का?
कशाचा?
कशाचाही.
द्वारका पिशवीच्या बंदाशी खेळत राहिली.
"अकरा वर्षं झाली. मी सुकट विकते, डाक्टर.
बोंबील वाळला का, ते बोटाने बघते."

त्यांनी केसपेपरच्या मागे घर काढलं.
नाक वरचा मजला, छाती खालचा,
जिना एकच.
आणि रक्तात काही पहारेकरी,
चोर नसतानाही रात्रभर दांडके आपटणारे.
ती गोळी पुन्हा नाही, कुणी दिली तरी नाही,
हे लाल शाईने, दोनदा.

पंप ती तोंडात मारून गिळून टाकायची.
ते माझं काम नाही, पण शिकवलं.
ओढ, हळू, आणि दहा आकडे थांब.
ती कोळी हिशेबात मोजायची, पाटीतले मासे मोजतात तसे.

सुईचे पैसे ऐकून नवरा जिन्यावर जाऊन बसला.
ट्रस्टचे अर्ज, रेशनकार्डाच्या झेरॉक्स,
सही, सही, शिक्का, जेवणाची सुट्टी, उद्या या.
दोन महिने गेले त्यात.
त्या दोन महिन्यांत ती एकदा आयसीयूत जाऊन आली.

चौथ्या सुईनंतर अठ्ठावन्न.
फर्स्ट क्लास दोन मार्कांनी हुकला, ती म्हणाली.
आणि खुर्ची पुढे ओढून, हळूच,
"वास आला."
मला वाटलं, माशांचा. नाहीतर अबोलीच्या...
अबोलीला वास नसतो, तीच म्हणाली.
"कंपनीचा. पहाटे चारला.
रॉकेलसारखा, घशात बसणारा.
सगळ्यांना उठवलं मी, येतोय का तुम्हाला, येतोय का?
सासू म्हणाली, रोजचाच आहे, झोप."

मला तिच्यासाठी आनंद व्हायला हवा होता.
झालाही.
पण त्या पहाटेच्या हवेत ती झोपते,
आणि तिच्या गल्लीला सुई नाही.

"थांब, चिमटा लगेच नको."
तिने खोली हुंगली, सावकाश,
नव्या भाडेकरणीने कोपरे बघावेत तशी.
"स्पिरीट. बादलीतलं शिळं पाणी.
आणि तुझ्या डब्यात मेथी आहे."

मग स्वतःच चिमटा लावला.
सोडा सोडा सोडा, मी ओरडले.
प्रत्येकाबरोबर मीही फुंकते, आवाज न करता,
सवय आहे.
आज माझा श्वास आधी संपला.