खिडकी

त्यांची खिडकी संध्याकाळी सहाला बंद होते,
माझी दहाला.
त्यांच्या खिडकीतून पोरं येतात-जातात,
माझ्या खिडकीतून बिअर, सिगारेटी, सुट्या गोळ्या,
आणि ऑगस्टच्या एकतीस तारखेला
उधारीवर शिव्या.

सकाळपासून तिघं उभे आहेत
माझ्या पत्र्याखाली, उंच गोल टेबलाला टेकून.
मागे खाणीचा मनोरा, वीस वर्षं ज्याचं चाक फिरलेलं नाही.
रेडिओ मी मुद्दाम बारीक ठेवलाय,
तरी अकरालाच त्यांना कळलं :
तायलान गेला.
आमचा डावा विंगर. एकोणीस वर्षांचा.
माझ्या खिडकीपर्यंत हात पोचत नव्हता,
तेव्हापासूनचा.

डिटमार म्हणाला, विकला.
हा शब्द त्याने असा ठेवला टेबलावर
जसा कुणी पडलेला दात ठेवावा.
पंचेचाळीस लाखांत त्याचा डावा पाय येतो नुसता,
उजवा पाय आणि त्या पावसाळी शनिवारांची थंडी
आपण वरून फुकट दिली.

मारेइके कर-सल्लागाराकडे नोकरी करते,
तिला क्लबचा ताळेबंद तोंडपाठ.
पूर्वेच्या स्टँडचं छप्पर गळतंय, ती म्हणाली,
बँकेचा हप्ता नोव्हेंबरात.
जूनमध्ये त्याचा करार संपला असता, मग?
तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं.

अगं पण जानेवारीत तो सही करायला तयार होता!
हे वोइतिनेक. त्याचा आवाज नेहमी
समोरच्या फुटपाथसाठी असतो.
जानेवारीत साहेब कुठे होते? बर्फात घसरत होते, आल्प्सला.
आणि आता बैल गेला नि झोपा केला :
एकतीस वर्षांचा बचावपटू आणलाय,
गुडघा दोनदा उघडलेला, म्हणे फुकट मिळाला.
कोहळा देऊन आवळा आणणारे हे पहिलेच व्यापारी
माझ्या बघण्यातले.

फुकट नाही, मारेइके म्हणाली. पगार आहे.
बघ! वोइतिनेक म्हणाला,
जणू तिने त्याचीच बाजू घेतली.

मी बाटल्या पुसत होते.
डिटमार गप्प होता, म्हणून मला आठवलं,
खाण बंद झाली तेव्हा त्यालाही पाठवलं होतं
उत्तरेच्या दुसऱ्या खाणीत.
त्याच्यासाठी कुणी रक्कम मोजली नाही.
दोन महिन्यांचा बसचा पास दिला
आणि एक टॉवेल, नव्या खाणीचं नाव शिवलेला.
त्या दिवशी या टेबलापाशी
कुणी काही वाद घातल्याचं मला आठवत नाही.

साडेपाचला सेलाहत्तीन आला, तायलानचा आजोबा,
रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन, दर गुरुवारसारखा.
तिघंही एकदम आपापल्या ग्लासात बघू लागले.
तेवीस बाटल्या, आठ सेंटप्रमाणे :
एक युरो चौऱ्याऐंशी.
त्याने नाणी दोनदा मोजली. मोजतोच तो.

पोराचा फोन आला होता, तो म्हणाला,
कुणा एकाला उद्देशून नव्हे.
खोली मिळालीय. खिडकीतून पाणी दिसतं म्हणे.
विचारत होता, टेबलावरचे लोक रागावलेत का.

रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं.
डिटमारने घसा खाकरला.
कसलं पाणी? नदी, का समुद्र?

सेलाहत्तीनने विचार केला.
ते विचारायचं राहिलं.

पाणी! वोइतिनेक पुन्हा पेटला.
पाण्याकडेची खोली देतात पोरांना,
म्हणजे बक्कळ पैसा आहे त्यांच्याकडे.
आणि आपले साहेब पंचेचाळीसवर माना डोलावतात.
साठ तरी मागायचे! सत्तर!

सेलाहत्तीनने पिशवीची घडी घातली,
चौकोनी, पुन्हा चौकोनी, आणि खिशात ठेवली.
मग माझ्याकडून एक बिअर घेतली,
टेबलाला कोपर टेकवलं,
आणि म्हणाला,
ऐंशी.