घराकच असता

पाहुण्यांनी विचारलं, मुलगी काय करते?
आई म्हणाली, घराकच असता.

मी मागे शेडनेटखाली
काजूच्या रोपाचा शेंडा उडवून
चिरेत काडी बसवत होते.
पट्टीचे तीन वेढे, घट्ट,
पण गळा आवळेल इतके नाहीत.
वर पेप्सीकांडीची रिकामी पिशवी.

पहिल्या वर्षी निम्मी मेली.
ती अजून वहीत आहेत, लाल शाईत.

केळूसच्या सड्यावरून टेम्पो आला.
बाराशे कलमं. चलान कोणाच्या नावे?
हाताला चीक तसाच,
पाहुण्यांच्या चपला ओलांडून गेले,
सही केली: हेमांगी धुरी, मालक.

आत चहा निवत होता.
आई पायरीवर येऊन चलान वाचू लागली.
धा कमी लिवलंस गो,
मी बांधललां धरूक नाय.