एक सूत

प्लास्टर कापलं तेव्हा आतून
नायनाचा नव्हे, दुसऱ्याच कुणाचा पाय निघाला.
मी पिशवीतून ब्लाउजचा टेप काढला.
डावी मांडी साडेएकोणीस,
उजवी साडेसतरा.
"सहा आठवड्यांत दोन इंच? गेलं कुठं?"
नायनानं असं विचारलं
जसं मालकानं हप्त्यातून कापलंय.

सिव्हिलमधली डॉक्टरीण अक्कलकोटकडची,
बोलताना मधेच कानडीत घसरणारी.
म्हणाली, काका, स्नायू म्हणजे दगड नव्हे.
रोज उसवतो. शंभरात एखाददीड धागा जातो,
तेवढाच नवा पडतो, म्हणून दिसत नाही.
उसवलेलं सूत बहुतेक पुन्हा कांडीवर चढतं,
थोडं चुलीत जातं.
तेवढं बाहेरून आणायचं,
डाळ, अंडी, दही, शेंगा.

"म्हणजे उसवणारा माजला होता?"
नाही हो. तो बराचसा तसाच आहे.
विणणारा बसून राहिला.
काम कुठं होतं त्याला?

हे नायनाला लगेच कळलं.
भद्रावती पेठेत किती माग
मोडले नाहीत, नुसते बसलेत.
जेकार्डची पुठ्ठी अजून खिळ्याला,
नक्षी आहे तिथंच,
चादर नाही.

आणखी एक, ती म्हणाली,
या वयात विणणाऱ्याला कमी ऐकू येतं.
नायना हसला. चाळीस वर्षं खटखटीत
त्याचे स्वतःचे कान गेलेत.
मी म्हटलं, मग?
मग काय, मोठ्यानं सांगायचं.
खुर्चीतून उठा, बसा, उठा.
जड वाटेल तेवढं.
दोन घास वाढवा.

आता रोज दिवे लागले की
विडी घरकुलच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत
अम्मा सुपावर विड्या वळते
आणि नायनाचं उठणं मोजते.
पंचवीस झाल्या की तिचा कट्टा बांधून होतो,
त्याचे आठच होतात.
अंडं मात्र खाताना तो भिंतीकडं तोंड करतो,
आधी नातवंडांना मिळायचं ते.

पंधरवडा झाला.
काल पुन्हा टेप लावला.
डोळ्यांवर विश्वास नाही म्हणून दोनदा लावला,
चिमटीत घट्ट धरून,
स्वतःलाच फसवू नये म्हणून.
"किती?" नायना म्हणाला.
सांगितलं. ऐकू आलं नाही.
मग मी कानाशी नाही,
मांडीशी वाकून ओरडले,
दोघांनाही जावं म्हणून :
साडेसतरा
आणि एक सूत!