अठरा अंशांवर

थर्माकोलच्या पेटीला अजून बांगड्याचा वास येतो.
कॉलेजचा थंड इन्क्युबेटर जूनपासून बंद,
दुरुस्तीचा अर्ज कुठल्या टेबलावर निजलाय
ते शिपायालाही ठाऊक नाही.
म्हणून मालवणच्या जेटीवरून, इनासकडून,
रोज अर्धी लादी बर्फ,
एक थर्मामीटर, आणि माझ्या सहा बशा.
अठरा अंश. दुपारी एकोणीस.

तिसावर हे यीस्ट मजेत वाढतं,
दुधावर साय धरावी तसं.
आमच्या उकाड्यात
याची खोट जन्मभर झाकून राहिली असती.

खोट एवढीच :
अकराशेच्या वर अक्षरांचा एक आरएनए,
त्यात एका जागी जी होता, तिथे ए आलाय.

हा आरएनए स्वतः निरोप वाहत नाही.
दुसऱ्यांचे निरोप येतात, मध्येच नको तो मजकूर घेऊन.
चारपाच जणांच्या पंगतीत बसून हा ती जागा चाचपतो.
मग नको तो तुकडा फासासारखा वळतो, गळून पडतो,
आणि उरलेली दोन टोकं सांधली जातात
बाबा माडावर चढायचा दोर सांधायचे तशी,
गाठ न मारता, पेडात पेड शिरवून,
वरून हात फिरवला तर सांधा लागू नये अशी.

त्यासाठी त्याला आधी स्वतःवर दुमडावं लागतं,
केसांतल्या आकड्यासारखं,
जीसमोर सी, एसमोर यू.
एक जोडी तुटली की आकडा सैल.
उबेत तो धडपडून जमतो कसाबसा.
थंडीत मात्र भलत्याच घडीत जाऊन बसतो
आणि तिथून उठायचं बळ त्याला राहत नाही.
निरोप न कापलेले साचतात.
बशी कोरी.

नवव्या दिवशी चौथ्या बशीत एक ठिपका.
आधी वाटलं, बुरशी.
मग वाटलं, बांगड्यांचंच काहीतरी.
तीनदा नव्या बशीवर ओढला, तीनदा उगवला.
पुण्याला पाठवला.

उत्तर आलं तेव्हा देवबागला होते,
बाबा खळ्यात बसून कोयती पाजळत होते.
वाचून दाखवलं.
"म्हणजे चूक गेली?"
"नाय. ती आसा थंयच."
"मगे?"
"तिच्या समोरचा अक्षर बदलला. सीचा यू झाला.
आता एसमोर यू. आकडा परत बसलो."
कोयती थांबली.
"कोणी बदलला?"
"कोणी नाय. आपसूक. लाखांत एकाचा."
"आणि बाकीची?"
"बाकीची तशीच रवली, थंडीत."

ते काही बोलले नाहीत.
माडावरून पडले त्या सालापासून
त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत,
पेड उलटा पडतो.
आई समोर बसते आणि तीही उलटाच घालते.
मागे एकदा शेजारच्या तुळाजीचा दोर
तिने एकटीने सांधायला घेतला होता,
त्याच्याबरोबर काही केल्या जमला नाही,
चिडून उठली.

संध्याकाळी जेटीवर इनासने विचारलं,
उद्यापासून बर्फ नको ना आता?
आणायलाच हवा.
पाच बशा अजून कोऱ्या आहेत.